दिगंबरमामांची खळ

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या दिगंबरमामांची सगळी अक्कल त्यांच्या दोन बोटांत आहे, असं त्यांची मुलगी वर्षाच म्हणायची. तीस वर्षं मामा सायझिंगच्या कारखान्यात पावरलूमच्या सुताला खळ लावत होते. वाफाळती खळ चिमटीत घासून निकाल द्यायचे, "पातळ आहे, सूत तुटेल." नाहीतर, "जाड झाली, सूत कडक होऊन मोडेल."

आईविना वाढलेल्या वर्षाला नवव्या वर्षी साखर निघाली. शरीरानंच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकलेल्या. रोज चार सुया. इंदूरच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं, की संशोधक नव्या पेशींवर जेलीसारखा थर चढवून त्या शरीरात ठेवून बघतायत. साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, पण त्यांना मारणाऱ्या शरीरातल्या पेशींना शिरता येत नाही.

"म्हणजे खळच की!" मामा खुर्चीतून उठलेच. "मग अडलंय कुठं?"

"शरीर त्यावर आपला आणखी एक जाड थर चढवतं, काका. आतल्या पेशी गुदमरतात. वेळ लागेल."

तोवर पोरगी जपायची, मामांनी ठरवलं. जपली म्हणजे किती? कॉलेज घरून, सहली बंद. लग्नकार्यात तासभर, तेही मामा मांडवाच्या दाराशी उभे. जरा अंग तापलं की आठ दिवस उंबरा ओलांडायचा नाही.

"पप्पा, मला एकदा खळीतच बुडवून काढा ना, टेन्शन खतम!"

मामा हसायचे. मनात म्हणायचे, आयडिया वाईट नाही.

मैत्रीण कविताचं लग्न धूलकोटला होतं. महिनाभर भांडून वर्षानं दोन दिवसांची परवानगी मिळवली, आणि आदल्या दिवशीच तिला ताप भरला, उलट्या सुरू झाल्या. पप्पा जाऊ देणार नाहीत म्हणून तिनं नळ सोडून आवाज दाबला आणि सकाळी हसत बसमध्ये चढली. हळदीतच कोसळली. साखर इतकी चढली होती, की बुऱ्हाणपूरला आणेपर्यंत शुद्ध गेली. ती परत आली नाही.

दोन महिन्यांनी मामा इंदूरला गेले. इन्सुलिनच्या कुप्या उरल्या होत्या, कुणा गरजूला द्याव्यात म्हणून. डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हतं.

"काका, वर्षाला सांगा! तुमच्या त्या खळीचं काम पुढं सरकतंय. थर पातळ करून बघतायत, आतल्या पेशींना श्वास घेता यावा म्हणून."

मामांची दोन बोटं आपसूक एकमेकांवर घासली गेली.

"पातळ केला?" ते म्हणाले. "बरं केलं."

आणि कुप्यांचा गार डबा टेबलावर ठेवून, झाकणावर हात दाबून बसून राहिले.