गुरुदास एका बाजूचा झाला

कोरगावचा गुरुदास जमीन-घरांची दलाली करतो. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडणे तालुक्यात ज्याच्याकडे मोबाइल आहे तो दलाल आहे. पण गुरुदास जुना. पंधरा वर्षं त्याची पद्धत एकच. विकणाऱ्याकडून दोन टक्के, घेणाऱ्याकडून दोन टक्के. विकणाऱ्याला सांगायचं, "पार्टी चिकट आसा." घेणाऱ्याला सांगायचं, "मालक हट्टी आहे." आणि दोघांना सांगायचं, "मी तुमचाच माणूस."

गेल्या वर्षी कोल्हापूरच्या विनिताबाई आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्म्याला साखळी. त्यांचा भाऊ अमेरिकेत. तिथे आता घर बघायच्या आधीच घेणारा आपल्या एजंटाशी लेखी करार करतो, त्याचे पैसे किती तेही त्यात लिहितात, असं त्याने सांगितलेलं. बाईंनी तसाच कागद करून आणला होता. गुरुदासने फक्त त्यांच्याच बाजूने बोलायचं, घराचे दोष लपवायचे नाहीत, आणि पैसे घ्यायचे ते फक्त त्यांच्याकडून. मात्र तीन टक्के.

तीन हा आकडा वाचून गुरुदासने बाकीचं न वाचताच सही केली.

बाईंना नदीकाठचं घर हवं होतं. विकाऊ असं एकच होतं, चोपड्याला. ते त्याच्या सासूचं. वत्सलाबाई एकट्या राहून कंटाळल्या होत्या आणि मुलाकडे सुर्ल्याला निघाल्या होत्या. जावई दलाल म्हणजे घरचंच काम, या समाधानात त्यांनी पाहुण्यांसाठी हरभऱ्याच्या डाळीचं गोड मणगणं रांधून ठेवलं होतं.

"वारा बघा काय येतो!" गुरुदासने सवयीने सुरुवात केली.

"छप्पर गळतं का?" विनिताबाईंनी विचारलं आणि पर्समधून तो कागद अर्धा, दोष लपवायचे नाहीत त्या ओळीपर्यंत, बाहेर काढला.

गुरुदासने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा सासूकडे. "गळतं," तो म्हणाला. "तीन जागी. चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली मी स्वतः बादली ठेवलीय."

एकदा खरं बोलून पाहिलं आणि त्याला ते फारच आवडलं. पंधरा वर्षांचं तुंबलेलं बाहेर पडू लागलं. विहिरीचं पाणी मे महिन्यात खारट होतं. मागचं जनेल उघडलं की बंद होत नाही आणि बंद केलं की उघडत नाही. शेजारचा बाबाजी रोज संध्याकाळी पेटी वाजवतो, आणि त्याला पेटी येत नाही. माकडं केळी नेतात, मागच्या वेळी सासूबाईंचा चष्माही नेला.

वत्सलाबाई पदर खोचून पुढे आल्या. "जावयबापू, तुमी कोणाच्या बाजूचे?"

"कागदार ह्यांच्या," गुरुदास खाली मान घालून म्हणाला.

सासूने त्याच्या पुढ्यातली मणगण्याची वाटी उचलली आणि विनिताबाईंच्या वाटीत रिकामी केली. मग लेकीला फोन लावला. "सुमंगला, तुझो घोव तिकडच्या पार्टीत गेलो. आता माझ्या बाजून तू बस. दोन टक्के तुका."

सुमंगलेने पंधरा वर्षं भाकऱ्या भाजताना नवऱ्याचे फोन ऐकले होते. दुसऱ्या दिवशी ती आईच्या घरी सोप्यावर त्याच्या नि विनिताबाईंच्या समोर येऊन बसली. "मॅडम, कालच दुसरी पार्टी येऊन गेली," तिने गंभीरपणे सांगितलं.

"कोण पार्टी?" गुरुदास ओरडला. दुसऱ्या पार्टीचं ते वाक्य मुळात त्याचंच होतं.

"तां सांगूक येणा नाय. विश्वासाची गोष्ट."

दोघं आली एकाच स्कूटरवर, गेली एकाच स्कूटरवर, पण मध्ये कागदांची पिशवी ठेवून. पुढचे आठ दिवस घरातही दोन बाजू. विनिताबाईंचा फोन आला की गुरुदास काजूच्या झाडावर चढून बोलायचा. आईचा आला की सुमंगला कोंबड्यांच्या खुराड्यामागे जायची. जेवताना तो सहज म्हणे, "सासूबाई किती उतरतील गो?" ती म्हणे, "आमटी वाढू?"

नवव्या दिवशी सौदा ठरला. छपराचा खर्च किमतीतून वजा झाला. बाबाजीच्या पेटीबद्दल मात्र सुमंगलेने एक रुपया सोडला नाही. "संगीत आसा तां, दोष न्हय," ती म्हणाली, आणि विनिताबाई इतक्या हसल्या की त्यांनी तिथेच होकार दिला.

पैसे पुन्हा दोन्ही बाजूंनी एकाच घरात आले. फक्त त्यातले दोन टक्के सुमंगलेच्या खात्यात गेले, आणि ते कुठे खर्च झाले हे गुरुदासला विचारता येत नाही. सुमंगलेने रीतसर एजंट म्हणून नोंदणीही करून घेतली आहे. दोघांनी ठरवलं आहे की एका सौद्यात एकाने एकच बाजू घ्यायची.

परवा धारगळचा एक माणूस जमीन विकायला म्हणून दारात आला. गुरुदास शर्टाची बटणं लावत लगबगीने बाहेर गेला.

"बसा, बसा. मी गुरुदास."

"ठावक आसा," तो माणूस म्हणाला. "वैनी आसत?"

गुरुदास आत गेला आणि त्याने तिघांचा चहा ठेवला.