गाडी करणाऱ्याची पहिली फेरी

पनवेलला आमचा बैलगाड्या तयार करण्याचा कारखाना होता. वडिलांचा तिथे एक हट्टी नियम होता. नवी गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी मालाने भरायची, कर्नाळ्याच्या खिंडीतून उतरवायची, आणि गाडीवानाशेजारी ती करणाऱ्याने स्वतः बसायचं. वडील जन्मभर असे बसत आले होते. मी मुंबईहून इंजिनियरिंगचा डिप्लोमा घेऊन नुकताच परतलो होतो आणि मला हा शुद्ध अडाणीपणा वाटे. गणित कागदावर सुटत असताना खिंडीत जायचं कशाला?

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती आणि देशात सगळंच नवं होत होतं, मग बैलगाडीने काय घोडं मारलं होतं? मी लोखंडी धावेची जड चाकं काढली आणि मोटारीच्या टायरांवर चालणारी गाडी आखली. रिकामी असली की एका हाताने ढकलता येई. ब्रेक तेवढा गाळला. ब्रेक म्हणजे चाकाला दोराने आवळायचं आडवं लाकूड. असलं लोढणं माझ्या देखण्या आराखड्यात शोभेना.

गिऱ्हाईक पळस्प्याकडचा शेतकरी, मिठाची वाहतूक करणारा. त्याने गाडी मागेपुढे करून पाहिली.

"चढाला हलकी हाय, बरा हाय. पन उताराला तिला कोन धरील? माजे बैल?"

"बैलांना सवय होईल," मी म्हणालो.

उत्तर तिथल्या तिथे सुचलं होतं, पण मला ते फार शास्त्रीय वाटलं. वडिलांनी रंधा थांबवला. "गाडी तुझी आहे. उद्या तू बस," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिठाची पोती भरून आम्ही खिंडीच्या माथ्यावर आलो. शेतकरी आपल्या बैलांबरोबर आणि वडील मागून चालत होते. मी गाडीवानाशेजारी बसलो आणि खाली पाहिलं. रस्ता आराखड्यातल्यापेक्षा बराच उभा होता. पाठीमागे पोत्यांची थप्पी, पुढे दोन बैलांच्या पाठी, मध्ये मी. गाडी नुसती हलली तशी बैलांनी माना वर फेकल्या.

मी खाली उतरलो आणि विद्वानासारखा चाक तपासू लागलो. "एक सुधारणा सुचलीय," मी म्हणालो. "ब्रेक लावून पाहू."

वडिलांनी पोत्यांमागून गोणपाटात गुंडाळलेलं लाकूड आणि दोर काढला. माप बरोबर माझ्याच गाडीचं होतं. लाकूड बांधता बांधता ते म्हणाले, "बैलांना सवय होणार होती ना? मग तू का उतरलास?"

शेतकरी हसला नाही. तो बैलांच्या मानेवरून हात फिरवत होता.

पुढे मी मुंबईच्या मोठ्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढले. ती यंत्रं कोण चालवतं ते मी पाहिलं नाही, आणि आधी तू चालवून दाखव असं मला तिथे कोणी म्हटलं नाही. त्याचं मला तेव्हा बरं वाटे. आता लाज वाटते.