मुहूर्ताचा नारळ आणि सासूची थापड
ओल्या खोबऱ्याचा वास आला की मला इंझोरीच्या मित्राचा मोबाइलवर काढलेला सिनेमा आठवतो. संध्याकाळी तो देवळासमोर गावाला दाखवायचा होता आणि माझं संगीत काही केल्या चित्रावर बसेना. सिनेमातल्या सासूची थापड आधी पडायची, ढोलकी मागून यायची. मित्र रडकुंडीला आला, "काहून असं होऊन राह्यलं बे?" मी विचारलं, "ज्या व्हिडिओवर मी चाल बांधली, त्यात सुरुवातीले मुहूर्ताचा नारळ होता. तो कुठी गेला?" "कापला ना! पिक्चरमंदी नारळ कायले पाह्यजे?" मी तो तुकडा परत जोडायला लावला आणि ढोलकी बरोब्बर गालावर वाजली! संध्याकाळी पडद्यावर नारळ फुटताच अख्ख्या गावानं हात जोडले. आजही मी दिग्दर्शकांना सांगतो, व्हिडिओतला मुहूर्ताचा नारळ कधी कापू नका. ते मला मोठा भाविक समजतात, आणि मीही समजू देतो.