मामांनी न वाचलेलं पुस्तक

आठ जून. सकाळची कामं उरकून मी मंडळाचं पुस्तकांचं कपाट रिकामं करायला घेतलं. तंजावरच्या आमच्या मराठी मंडळींचं हे कपाट माझ्या पुढच्या खोलीत असतं, कारण सभागृहाची भिंत ओल धरते. वर्षातून एकदा सगळी पुस्तकं बाहेर काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, सावलीत वारा द्यायचा आणि फळ्यांवर वेखंडाचे नवे तुकडे ठेवायचे.

आमच्याकडे राजकारण, सरकार आणि समाज यांवरची पुस्तकंच जास्त फिरतात. तमिळ आणि इंग्रजी पुस्तकं लोक घरी नेतात. मराठी पुस्तकं मी महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवते. घरी मराठी बोलणारे आम्ही बरेच, पण देवनागरी वाचणारे थोडे. वडिलांच्या नोकरीमुळे माझ्या शाळेची काही वर्षं सोलापुरात गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

बैठकीतली मतं ऐकायला मला फार आवडतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रत्येक पुस्तकावर एकच शेरा मारतात, "दिल्लीत बसून लिहिलंय." एक डॉक्टरीणबाई शेवटचं पान आधी बघतात आणि लेखकाचा तोडगा पटला तरच पुस्तक पिशवीत टाकतात. माणसं मत नेमकं कधी बनवतात, वाचण्याआधी, वाचताना की नंतर, हे मला अजून कळलेलं नाही.

मी पुस्तकं पुसत असताना माझ्या नवऱ्याचे मामा आले. तालुका कचेरीत आयुष्य काढलेले, मंडळातले सगळ्यांत वडीलधारे. मागून मामी, हातात शेवग्याच्या पाल्याची जुडी.

मामा चपला काढता काढताच म्हणाले, "ते छत्रांचं पुस्तक कुठलं गे? ते परत आत ठेवू नकोस. रविवारच्या बैठकीत मी तसं सांगणार आहे."

मामांनी एकदा सांगितलं की बैठकीत कुणी हूं की चूं करत नाही. म्हणजे पुस्तक गेल्यातच जमा होतं, आणि आमच्याकडे त्याची ती एकच प्रत.

जुन्या राजवटीत वाटसरूंना फुकट जेवण आणि मुक्काम देणाऱ्या छत्रांचा खर्च कुणावर पडत होता, याबद्दलचं ते मराठी पुस्तक होतं. मामांना देवनागरी वाचता येत नाही. मामांचे पणजोबा अशाच एका छत्रात कारकून होते. पणजोबांच्या देखरेखीखाली कुणी उपाशी गेलं नाही, हे मामांच्या घरच्या प्रत्येक लग्नात सांगितलं जातं. आणि त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं फोनवर कळवलं होतं की हे पुस्तक नेमकं उलटं म्हणतं.

"तुम्ही ऐकलंय का ते?" मी विचारलं.

"पुतण्यानं सांगितलं ना."

"त्यानं पूर्ण वाचलं?"

"त्याला वेळ कुठाय! चाळलं म्हणाला."

मामी पाला निवडायला बसल्या होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "हे कचेरीतला कागद घरी आणून दोनदा वाचायचे, मग सही. माझ्या भावाच्या जमिनीच्या पट्ट्यावर सही व्हायला एक पावसाळा गेला. आता बघ, चाळलेल्यावर चाललंय."

"ते सरकारी काम होतं," मामा म्हणाले. "हे घरचं आहे."

"मग घरातच ऐका," मी म्हटलं, फडकं बाजूला ठेवलं आणि छत्रांतल्या जेवणाचं प्रकरण काढलं.

मी वाचायला लागले. छत्रात येणाऱ्याला दोन्ही वेळ जेवण मिळे. भात आसपासच्या गावांतून येई. ते पिकवणाऱ्या मजुरांना मात्र पंगतीत जागा नसे. त्यांना मागाहून, आवाराबाहेर.

"थांब," मामा म्हणाले. "हा लेखक आपल्या घरच्यासारखा बोलतो?"

"नाही. त्याचं पुस्तकी आहे. मी आपल्या बोलीत सांगते, नाहीतर तुम्ही सगळे जांभया देता."

"मग यात लेखक किती आणि तू किती?"

इतकी वर्षं मी वाक्यं मोडून, सोपी करून सांगत आले. मग बैठकीतली ती सगळी मतं कुठल्या पुस्तकावरची होती? 'दिल्लीत बसून लिहिलंय' हे तर तंजावरात बसून, माझ्याच तोंडून ऐकलेल्या पुस्तकाबद्दल म्हटलं गेलं होतं.

मी तेच पान पुन्हा वाचलं, या वेळी अक्षर न अक्षर. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"कारकुनांबद्दल काय लिहिलंय?"

मी पुढची पानं चाळली. "काहीच नाही."

"काहीच नाही?" याचा त्यांना जास्त राग आला. "सगळा हिशेब ठेवणारा माणूस, त्याला एक ओळसुद्धा नाही?"

"आजी सांगायची," मामा म्हणाले, "छत्राबाहेर चिंचेखाली लोक भांडी घेऊन उभे असत. मला वाटे, पाण्यासाठी असतील."

मी पुस्तक मिटलं. "काय करू मग? ठेवू की काढू?"

"मी नुसतं ऐकून मत देत नाही."

"आल्या आल्या देत होतात की," मामी म्हणाल्या.

मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "मला हे प्रकरण तमिळ अक्षरांत उतरवून दे. मराठी लेखकाचंच ठेव. तू मध्ये यायचं नाही."

आमच्या घरांतली लग्नाची गाणी अशीच उतरवलेली असतात, भाषा मराठी आणि लिपी तमिळ. पण गाणी पाठ असतात. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर, त्यामुळे अनोळखी पुस्तकी शब्द वाचणार कसे, हे मी विचारलं.

"अक्षरावर बारीक अंक घाल, क ला एक, ग ला तीन, जुन्या स्तोत्रांच्या पुस्तकांत असतात तसे. मी लावून वाचीन."

"आणि रविवारी काय सांगणार?"

"वाचतोय म्हणून सांगेन."

ते गेल्यावर मी वेखंड ठेवून कपाट भरलं. छत्रांचं पुस्तक टेबलावरच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या फिल्टरमध्ये उकळतं पाणी ओतून मी कोरे कागद घेऊन बसले. पहिलं वाक्य अंकांसकट उतरेपर्यंत डिकॉक्शन गळून झालं होतं. दुसऱ्या वाक्यात माझ्या हातून एक जड शब्द आपोआप सोपा होऊन उतरला. मी तो खोडला आणि लेखकाचा लिहिला.