दिराच्या करडांचे रक्त

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्याचे माझे टेबल आहे. कोणाविरुद्ध काय व कसे लिहावे, याचा सल्ला तालुक्यातील लोक मजकडूनच घेतात. म्हणूनच फुलसावंगीच्या माझ्या थोरल्या, विधवा बहिणीने मला तातडीने बोलावून घेतले. तिच्या चार करडांपैकी दोहोंचे मागचे पाय लुळे पडत चालले होते. उठायला जात, डुलत आणि बसकण मारत. शेताच्या धुऱ्यापलीकडच्या चुलत दिराने कपाशी फवारताना मुद्दाम गवतावर औषध टाकले, असा तिचा ठाम ग्रह होता.

"भाऊ, लिह्य त्याच्यावर. आजच ठान्यात दे."

मसुदा मनात जुळला होता. तथापि पुराव्यावाचून मी अर्ज करीत नाही. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना मी आधी आणले. विषबाधा असती तर लाळ गळाली असती, झटके आले असते, असे त्या म्हणाल्या. त्यांची शंका वेगळीच होती: अंगातले तांबे कमी पडल्याची. ते रक्तातून मोजता येते. मात्र त्याच शिवारात चरणाऱ्या, दिसायला ठणठणीत करडांचेही रक्त हवे. सर्वांतच तांबे कमी निघाले, तर दोष चाऱ्याचा.

तशी करडे दिराकडेच होती. बाईंना घेऊन मागायला मीच गेलो.

"वा रे अर्जीवाले! माह्यावर कागद कराले आला, अन् माह्याच करडाचं रक्त मांगतं?" तो हसला; मग हसणे थांबले. "माह्ये चांगले निंघाले, तं वयनी काय म्हनन? यानंच घातलं म्हनन ना?"

मग त्याने स्वतःच पहिले करडू धरून त्याची मान वर केली.

"घ्या. वयनीले उभी करा अन् तिच्यासमोर घ्या."

बहीण धुऱ्यावर आली. सुई शिरताच करडू किंचाळले, तशी तिने पदर दातांत धरला. दोन्ही घरच्या करडांच्या रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून बाई गेल्या.

अहवाल येण्यापूर्वीच बहिणीचे तिसरे करडू अडखळू लागले.

"अजून कायची वाट पाह्यतं तू? चौथंबी पडू देऊ काय?"

मी लेखणी उचलली नाही. दिराशी तिचे बोलणे बंदच होते; आता ती माझ्याशीही बोलेनाशी झाली.

अखेर बाईंनी अहवाल धुऱ्यावरच वाचून दाखवला. दोन्ही घरच्या करडांत तांबे कमी होते. दिराच्या उड्या मारणाऱ्या करडांतसुद्धा. उभी असलेली औषधाने वाचतील, बाई म्हणाल्या. परंतु बसलेल्या दोहोंच्या नसा गेल्या आहेत, ती बहुधा उठणार नाहीत.

दिराने गाडी सुरू केली.

"मी औषद आनाले चाललो. वयनीचंबी आनू काय, इचारा."

बहीण त्याच्यापासून चार हातांवरच उभी होती. तिने माझ्याकडे तोंड वळवले.

"त्याले सांग, चारही करडांचं आन म्हनावं."