ढब्बू, मुक्काम जेद्दा

कोल्हापुरात कचेरीसमोरच्या चिंचेखाली अर्ज लिहिणारे चौघे बसत. पण कुतुबुद्दीन मुन्शींच्या मते त्यांत लिहिणारा एकच होता, बाकीचे शाई वाया घालवत. महाराज गादीवर येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात आपल्या अर्जातली नुसती बिरुदं ऐकता ऐकता दोन अंमलदारांनी डोळे मिटून घेतले, हे मुन्शी मोठ्या अभिमानानं सांगत. ते डोळे झोपेनं मिटले असतील, हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं.

एका सकाळी पिंजाऱ्याची चाँदबी आली. लुगड्याला कापसाचे तंतू तसेच चिकटलेले. तिची लेक मेहमुदा आणि जावई इलाही चार वर्षांच्या पोरीला घेऊन हजला गेले होते. बरोबर गेलेला कबनूरचा एक जण काल परतला होता. इलाही जेद्द्यात पटकीनं गेला, मेहमुदा तापानं कुठल्याशा मुसाफिरखान्यात पडलीय, पोर तिच्यापाशीच आहे, एवढं त्यानं सांगितलं.

"तिथं इंगरजाचा कुणी वकील असतोय म्हणं," चाँदबी म्हणाली. "त्येला लिवा, मुन्शीजी. जावई तर गेला. ह्या दोघी तरी परत आल्या पायजेत."

"कॉन्सल म्हणतात त्याला, आपा," मुन्शी असे म्हणाले, जणू दर शुक्रवारी त्याच्याकडे पानसुपारीला जात होते.

मग त्यांनी उर्दूत अर्ज लिहिला. दीड पान साहेबाची थोरवी, अर्धं पान स्वतःची नम्रता. परक्या साहेबाच्या हाती जाणाऱ्या कागदावर घरंदाज बाईचं नाव घालणं त्यांच्या अदबीत बसेना. म्हणून 'एक अब्रूदार स्त्री व तिचे निष्पाप बालक' एवढंच लिहिलं, आणि स्वतःच्याच सभ्यतेनं त्यांना गहिवरून आलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. साहेबाच्या कारकुनानं मोजकंच लिहिलं होतं: 'येथे अडकलेल्या दोनशे स्त्रिया आहेत. सगळ्या अब्रूदारच आहेत. त्यांतली तुमची कोणती?'

'चौकशी चालू आहे' असं चाँदबीला ठोकून द्यावं, हे मुन्शींच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ती समोर उभी होती. त्यांनी आहे तसं वाचून दाखवलं. तिकडं तिची लेक तापात पडून राहिली आणि इकडं आपण बिरुदं जुळवत बसलो, याची त्यांना खरीखुरी लाज वाटली.

"नावच लिवलं न्हाय व्हय तुमी?"

मुन्शींनी कोरा कागद पुढं ओढला.

"आता मी सांगती तसं लिवा. तुमचं एक अक्षर घालू नगासा."

मेहमुदा, इलाही पिंजाऱ्याची बायको, राहणार कोल्हापूर. डाव्या भुवईवर भाजल्याची खूण. पोरीचं नाव जरीना.

"पर जरीना म्हटलं तर ती ओ देणार न्हाय. घरात तसं कोण म्हणतच न्हाय. ढब्बू म्हणून हाक मारा म्हणावं."

मुन्शींची कलम थांबली. "आपा, सरकारच्या वकिलाला ढब्बू कसं लिहू?"

"का? तुमाला लिवाय येत न्हाय?"

मुन्शींनी लिहिलं.

पुढचं उत्तर यायला पुन्हा तेवढाच काळ लागला. 'आमचा शिपाई मुसाफिरखान्यांतून ढब्बू, ढब्बू असे ओरडत फिरला. चौथ्या ठिकाणी एका मुलीने ओ दिली. आई अशक्त आहे, पण हयात आहे. दोघींना येत्या बोटीने पाठवत आहोत.' चाँदबी तिथंच चिंचेखाली बसून रडली. मुन्शींचेही डोळे भरले, आणि या खेपेला त्याचं कारण त्यांची सभ्यता नव्हतं. वीस वर्षांच्या लिखाणातला एकच शब्द सातासमुद्रापार कामी आला होता, आणि तोच लिहायला ते का-कू करत होते.

मायलेकी आल्या त्या दिवशी मुन्शी स्टेशनवर गेले. जुनी खोड जाता जाईना. पोरीपुढं वाकून ते म्हणाले, "जरीना बेगम साहिबा, तशरीफ लाइए."

पोर आजीच्या पदराआड लपली.

शेजारी कचेरीतले दोन ओळखीचे अंमलदार उभे होते. मुन्शी त्यांच्यादेखत फलाटावर उकिडवे बसले आणि जेद्द्याच्या शिपायासारखे खणखणीत आवाजात ओरडले, "ढब्बू!"

"ओ," पोर म्हणाली.