डावा कान मोकळा

नेस्टा प्रॉथेरोने पहिल्यांदा दुभाष्याचे काम केले तेव्हा ती सात वर्षांची होती. आजीला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते आणि कार्डिगनच्या डॉक्टरला वेल्श येत नव्हती. डॉक्टरने आजीला तपासले, नळी गळ्यात टाकली आणि नेस्टाला म्हणाला, म्हातारीला सांग, पुढचा हिवाळा काही तिला दिसत नाही. नेस्टा थोडा वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिली. मग आजीला म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात लोकरीचे मोजे घाला म्हणतायत."

आजीने मोजे घातले आणि आणखी चार हिवाळे काढले. आईला ही गोष्ट कळली ती आजीच्या दफनाच्या दिवशी. ती आधी रागावली, मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली. नेस्टाने मात्र तेव्हाच ठरवले, की यापुढे दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे पोचवायचे. हा नियम तिने जवळजवळ पाळला.

पुढे एकतीस वर्षे तिने जिल्हा कचेरीत गटारांच्या आणि रस्त्यांच्या नोटिसा एका भाषेतून दुसरीत नेल्या. नवरा आर्वेल फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायचा. तो अकरा वर्षांपूर्वी गेला. पण तेइवी नदीच्या खोऱ्यात नेस्टाला लोक ओळखत ते शनिवारच्या कामामुळे. विद्यापीठाच्या प्रकाशनाचे नवे पुस्तक निघाले, की त्याचा समारंभ ते लोक शहरात न करता गावोगाव करत. रीदगोख गावात चॅपेलमागच्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता भाषण, मग प्रश्न, आभार, चहा, 'बारा ब्रीद' नावाचा मनुकांचा केक, आणि शेवटी सोडत. सोडतीत एकदा नेस्टाला कोकराची तंगडी लागली होती, आणि एकदा तिने स्वतःच बक्षीस म्हणून दिलेला साबण.

भाषण वेल्शमध्ये. ज्यांना ती येत नाही त्यांच्यासाठी दाराशी टेबलावर एक काळी पेटी असे आणि पेटीत चोवीस हेडफोन. नेस्टा मागच्या कोपऱ्यात बसे, तोंडावर हात धरून अंगठ्याएवढ्या माइकमध्ये कुजबुजे, आणि हेडफोनवाल्यांच्या कानात इंग्रजी उतरे. गावचा माणूस त्या पेटीला चुकूनही हात लावत नसे. हेडफोन घेणे म्हणजे आपल्याला आपली भाषा येत नाही असे चारचौघांत कबूल करणे. ठार बहिरे झालेले मास्तरसुद्धा पहिल्या रांगेत बसून काही ऐकू न येता मान डोलावत, पण हेडफोन घेत नसत.

कविता आली की नेस्टा सरळ सांगे, "आता कविता आहे. एका बगळ्याबद्दल आहे. पुढचं माझ्याच्यानं होणार नाही, नुसतं ऐका." मग ती माइक मुठीत मिटून गप्प बसे आणि स्वतःही ऐके.

दुभाष्या नेहमी चार-पाच शब्द मागे असतो. त्यामुळे रीदगोखच्या हॉलमध्ये प्रत्येक विनोदाला दोन हशे होत. पहिला मोठा, सगळ्या हॉलचा. जरा थांबून दुसरा लहान, हेडफोनवाल्यांचा. पहिला वक्त्याचा. दुसरा आपला, असे नेस्टा मनात धरून चाले. हे तिने कोणाला कधी सांगितले नाही. आर्वेलला सांगितले होते, पण तो तेव्हा फुटबॉलचे निकाल ऐकत होता.

गेल्या काही वर्षांत तो दुसरा हशा बारीक होत चालला होता. निवृत्त होऊन आलेली इंग्रज मंडळी कमी झाली. दोघे मुलीकडे श्रूजबरीला गेले, तिघे वरच्या दफनभूमीत गेले, आणि कुंभारकाम करणारी बाई रीतसर वर्गाला जाऊन वेल्श शिकली. ती आता पेटीजवळून जाताना मान जरा उंच करून जाई.

फेब्रुवारीत प्रकाशनाच्या कचेरीतली लाउरी नेस्टाकडे आली. कार्यक्रमांचे काम बघणारी ही मुलगी तिशीची. तिची आई नेस्टाच्या चॅपेलमधल्या रविवारच्या शाळेत होती, म्हणून ती नेस्टाला मावशी म्हणे. लाउरीने दोन कप चहा प्यायला, मांजराची विचारपूस केली आणि मग एक छापील फॉर्म पर्समधून काढला. वरून विचारणा झाली होती. दर कार्यक्रमाला किती हेडफोन लागतात ते लिहायचे. सहाच्या खाली गेले, तर गावच्या कार्यक्रमांना दुभाषी बंद.

"मार्चचा आकडा शेवटचा धरणार आहेत," लाउरी म्हणाली. "मावशी, तुम्ही तरी थकला असाल ना आता?"

नेस्टा म्हणाली, की थकले असते तर तुला चहा करून दिला नसता.

मार्चच्या पहिल्या शनिवारी जॅमच्या बाटल्यांत डॅफोडिलची फुले होती, बाहेर बारीक पाऊस होता आणि हॉलमध्ये एकेचाळीस माणसे होती. पुस्तक होते शेतकऱ्यांच्या बोलीतल्या शब्दांचे: फाटकांचे, कुंपणांचे, चिखलाचे. वक्ते डॉक्टर येस्टिन प्रॉसर. पेटीतून हेडफोन गेला फक्त एक. तो घेतला गॉर्डनने.

गॉर्डन वुल्व्हरहॅम्प्टनचा. बावीस वर्षांपूर्वी तो ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान टाकून गावात आला. इथे एकाच आडनावाची माणसे फार, म्हणून ज्याला त्याला धंद्यावरून ओळखायचे. तो झाला गॉर्डन ट्रॅक्टर. हॉलचा बॉयलर बिघडला म्हणून त्याला एका कार्यक्रमाच्या दिवशी बोलावले होते. काम झाले, पण बॉयलर पुन्हा कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून डिलिसने त्याला चहा होईपर्यंत थांबवून घेतले. चहाची खिडकी, समिती आणि गावातली बहुतेक माणसे डिलिसच्या ताब्यात होती. बिचारा खांबासारखा बसलेला पाहून नेस्टाने त्याच्या डोक्यावर हेडफोन ठेवला. त्याने तो डाव्या कानावरून मागे सरकवला. बॉयलरचा आवाज ऐकायला एक कान मोकळा हवा, असे त्याने खुणेने सांगितले. त्यानंतर तो एकाही कार्यक्रमाला चुकला नाही. बॉयलर चारदा बदलला, पण हेडफोन तसाच, उजव्या कानावर.

डॉक्टर प्रॉसर सांगत होते, की ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे चिखलाचे शब्द गोळा करायला गेले. म्हाताऱ्याने अकरा शब्द दिले. बारावा विचारला, तर म्हणाला, बारावा म्हणजे तुम्ही आत्ता ज्यात उभे आहात तो, पण आज रविवार आहे, मी तोंडाने उच्चारणार नाही.

हॉल हसला. नेस्टा अजून रविवारापाशी होती. तिने वाक्य पुरे केले आणि सवयीने दुसऱ्या हशाची वाट पाहिली. तो आला नाही. तिसऱ्या रांगेत गॉर्डनचे खांदे आधीच हलून थांबले होते.

इतकी वर्षे आजूबाजूला इतर हेडफोनवाले असत, त्यांच्या हशात गॉर्डनचा हशा वेगळा कळलाच नव्हता. नेस्टाने पुढची दोन वाक्ये मुद्दाम गाळली. वक्ते मेंढ्यांच्या फाटकाबद्दल काही म्हणाले; गॉर्डनने मान हलवली आणि खिशातल्या वहीत टिपून घेतले.

नेस्टाने माइक ओठांजवळ घेतला. "गॉर्डन, तुम्हाला हे सगळं कळतंय."

गॉर्डन ताठ झाला. मागून त्याची मान लाल होताना दिसली.

"कळत असेल तर उजवा कान खाजवा."

बराच वेळ काही झाले नाही. मग एक जाड, काळपट बोट हळूहळू वर गेले आणि हेडफोनखाली शिरले.

"कधीपासून? एक बोट म्हणजे एक वर्ष."

गॉर्डनने एक हात खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पाच बोटे उघडली. मिटली. पुन्हा पाच उघडली. मग हात तसाच राहू दिला, म्हणजे आणखीही असतील.

नेस्टाला हसू आले. एका कानात तिचे इंग्रजी, दुसऱ्यात वेल्श. बॉयलरसाठी मोकळ्या ठेवलेल्या कानातून भाषा आत शिरली होती. दुकानात त्याला पाहिले की माणसे आपणहून इंग्रजीवर येत, त्यामुळे बोलायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आणि तो बोलला असता तर डिलिसने त्याला दुसऱ्याच दिवशी समितीत घेतले असते, हे त्याला चांगले माहीत असणार. नेस्टाने त्याच्या कानात सगळे सांगून टाकले: फॉर्म, सहाचा आकडा, आणि आज पेटीतून एकच हेडफोन गेला आहे हे. "म्हणजे हा आपला शेवटचा कार्यक्रम," ती म्हणाली. "तुमचे आभार. इतकी वर्षं कोणी इतकं मन लावून माझं ऐकलं नाही." डॉक्टर प्रॉसर त्या वेळात काय बोलले ते तिला आजही ठाऊक नाही.

भाषण संपले. अध्यक्षांनी प्रश्न आहेत का विचारले. तिसऱ्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि गॉर्डन उभा राहिला. त्याने हेडफोन काढून गळ्यात घातला.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय, विद्वान वक्ते आणि रसिक श्रोतृवृंद," तो वेल्शमध्ये म्हणाला, वुल्व्हरहॅम्प्टनच्या हेलात. "प्रस्तुत प्रसंगी दोन शब्द निवेदन करण्याची अनुज्ञा असावी."

हॉलमध्ये चमचाही वाजेना. त्याने आयुष्यात वेल्श ऐकली ती फक्त विद्यापीठाच्या पुस्तक-समारंभांत. त्याला दुसरी येणार कुठून?

"असे कळते, की या सभागृहातील दुभाषी भगिनींची सेवा खंडित करण्याचे योजिले आहे. सदर सेवेची नितांत आवश्यकता आहे, हे मी नम्रपणे प्रतिपादन करू इच्छितो. तिच्या अभावी माझ्यासारख्या अज्ञ मनुष्यास एका शब्दाचेही आकलन होणार नाही."

"अगं बाई," खिडकीतून डिलिसचा आवाज आला, "हा तर छापील बोलतो."

मागच्या कोपऱ्यात नेस्टा हाताआडून कुजबुजत होती. गॉर्डनचे एकेक वाक्य ती इंग्रजीत करत होती, चार-पाच शब्द मागून, एकही न गाळता. "नितांत" पाशी ती क्षणभर अडली, तिने योग्य शब्द शोधला. मग तिला दिसले, की हॉलमधला एकुलता एक हेडफोन बोलणाऱ्याच्याच गळ्यात लोंबतो आहे. तिने माइक मुठीत मिटला आणि कवितेच्या वेळी ऐकायची तशी ऐकत बसली.

टाळ्या खूप वाजल्या. मास्तरांनी तर उभे राहून वाजवल्या, अर्थात कशासाठी ते त्यांना कळले नव्हते. चहाच्या वेळी लाउरी फॉर्म घेऊन आली. तिचे डोळे ओले होते.

"शून्य लिही," नेस्टा म्हणाली.

"एक होता ना, मावशी?"

"होता. आता नाही."

लाउरीने शून्य लिहिले. गॉर्डन हातात कप घेऊन समोर उभा होता. चेहरा असा, की जणू नव्या ट्रॅक्टरखाली कोणाची कोंबडी आली.

"मी आपला अपराधी आहे," तो म्हणाला.

"असं नाही म्हणत कोणी. 'चुकलं माझं' म्हणायचं."

"चुकलं माझं."

"आणि चहात दूध हवं असलं तर?"

गॉर्डनने विचार केला. "किंचित दुग्ध अपेक्षित आहे?"

"गुरुवारी चारला घरी या," नेस्टा म्हणाली.

पेटी न्यायला लाउरी त्याच आठवड्यात येणार होती. ती आली नाही. कचेरीत पेटी ठेवायला जागा नाही असे काहीतरी कारण होते. नेस्टाने ती जिन्याखाली ठेवली आणि दर शुक्रवारी हेडफोनच्या बॅटऱ्या चार्ज करत राहिली. विजेच्या वस्तू पडून राहिल्या की बिघडतात, एवढेच ती म्हणे. मे महिन्यातल्या आणि जूनमधल्या कार्यक्रमाला ती तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली. हातांचे काय करायचे ते तिला सुचत नव्हते.

गॉर्डनच्या दुकानात मात्र गवत कापायची यंत्रे येत होती, आणि यंत्रांबरोबर बाहेरून आलेली माणसे. तुम्ही वेल्श कशी शिकलात, असे जो तो विचारी. गॉर्डन सांगे: शनिवारी तीन वाजता, चहा आणि केक, फी नाही. कान मात्र नीट वापरायचा.

ऑक्टोबरात पवनचक्क्यांवरच्या पुस्तकाचा समारंभ होता. पावणेतीनला दाराशी नऊ माणसे उभी होती: नवे पशुवैद्य आणि त्यांची बायको, दवाखान्यातली नर्स, चीज करणारे दोघे भाऊ, आणखीही काही. नऊही जण हेडफोन मागत होते. लाउरी धावत तिसऱ्या रांगेशी आली.

"मावशी, पेटी कुठे आहे?"

"गाडीत," नेस्टा म्हणाली. ती आधीच उठली होती.

अध्यक्षस्थानी गॉर्डन होता. मार्चच्या त्या शनिवारी डिलिसने त्याला सोडतीचे तिकीट फाडायच्या आधीच समितीत घेतले होते. नेस्टा मागच्या कोपऱ्यात बसली, हात तोंडाशी नेला आणि माइक उघडला.

"नमस्कार. मी नेस्टा. सुरू करण्याआधी एक सूचना आहे. डावा कान मोकळा ठेवा."

नऊ हात वर गेले आणि नऊ हेडफोन मागे सरकले. वक्त्याने तिसऱ्याच मिनिटाला पहिला विनोद केला. हॉल हसला. नेस्टा पाच शब्द मागे होती. तिने वाक्य पुरे केले आणि थांबली. मागाहून नऊ जण हसले.

अध्यक्षांच्या खुर्चीत गॉर्डन दोन्ही वेळा हसला.